उरलेल्या निवट्या

"ही आपल्या बाळारामची टाकी," पार्वतीने सुनेला सांगून टाकलं. माशांच्या त्या काचेच्या टाकीवरची पाटी तिला वाचता येत नव्हती, पण तिचं काही अडलं नाही.

खाडीकाठच्या त्या मत्स्य संशोधन केंद्रात बाळाराम होडीवर खलाशी होता. आज केंद्राचा कुटुंब दिन. वर्षातून एक दिवस खलाशी-शिपायांच्या बायकामुलांनाही आत घ्यावं, असं साहेब लोकांच्या मनात आलं होतं. पार्वती ठेवणीतलं लुगडं नेसून आली होती आणि खाडीतली सगळी मासळी आपल्या मुलानेच काचेत भरली आहे अशा थाटात फिरत होती.

मागून कमळ हळूहळू चालत होती. तिला सहावा महिना होता. आधीची दोन मुलं सातव्यात गेली होती, पोटातच. या खेपेला पार्वती तिला पाण्याचा हंडाही उचलू देत नव्हती. कामतघर गावातून इथवर टांग्याने आणतानासुद्धा तिने दर खड्ड्याला टांगेवाल्याला दम दिला होता. सुनेला घालूनपाडून बोलणाऱ्या सासवा गावात पुष्कळ होत्या. ही त्यातली नव्हती.

टाकीत तळाला चिखल होता, वर चार बोटं पाणी. चिखलावर निवट्या, खाडीच्या चिखलात राहणारे ते लहान मासे, बसल्या होत्या, डोळे वर काढून. वरच्या भिंतीवर कुटुंब नियोजनाचा लाल त्रिकोण लावलेला होता.

"जल्ला, ह्या कशाला काचेत?" पार्वती हसली. "ह्या तं आपल्या टोपात रोज हायेत."

ते खरंच होतं. पोटुशी बाईला निवटीचं कालवण द्यायचं, त्याने अंगात ताकद येते, ही त्यांच्याकडची रीत. तिन्ही खेपांना बाळाराम संध्याकाळी घरी येताना रुमालात निवट्या बांधून आणायचा. केंद्रात मापून, वजन करून झालेल्या, उरलेल्या. त्या पुरून टाक, असं त्याला सांगितलेलं होतं. का, ते कोणी सांगितलं नव्हतं आणि त्यानेही विचारलं नव्हतं. घरात बायको गरोदर असताना ताजी मासळी मातीत घालायची, हा साहेबी माज त्याला परवडण्यासारखा नव्हता. कमळला कधी कधी त्या वासाने मळमळायचं. मग पार्वती तिच्यापुढे बसून, गोड बोलून एकेक घास खायला लावायची.

पांढरा कोट घातलेली एक तरुण बाई आली. माणसं जमलेली बघून तिला हुरूप आला. ती टाकीकडे बघत बोलू लागली.

"या निवट्या आम्ही नाल्याच्या तोंडाशी पकडतो. कापड रंगवायच्या कारखान्यांचं पाणी तिथे खाडीत येतं. या माद्या अंडी धरतात. अंडी दिसायलाही चांगली असतात. पण पिल्लं अंड्यातच, आतल्या आत मरतात."

"म्हंजे? कशानं?" पार्वतीने विचारलं.

"पाण्यातलं विष यांच्या अंगात भिनतं, आजी. म्हणून तर उरलेल्या निवट्या आम्ही पुरायला लावतो. चुकून कुणी खाल्ल्या, तर तेच विष त्या माणसाच्या अंगात जाईल."

पार्वतीने मुलाकडे पाहिलं. बाळाराम दाराशी केंद्राच्या खाकी कपड्यांत उभा होता. त्याने टोपी काढली आणि हातात धरून ठेवली. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं.

कमळ काचेजवळ सरकली.

"बाई, ह्यांना आता चांगल्या पान्यात ठेवलं तं?"

"छान विचारलंत," बाई म्हणाली. "तेही आम्ही करून बघितलं. चांगल्या पाण्यात ठेवलेल्यांना पिल्लं झाली."

पार्वतीने सुनेचा हात घट्ट धरला. उद्यापासून घरात मासळीचं नाव काढायचं नाही, नाल्यापासून लांब, गोविंदवाडीच्या विहिरीचं पाणी आणायचं, तिच्या मनात सगळं ठरूनही गेलं. कमळचं मात्र विचारून झालं नव्हतं.

"आनि जी आधीच पोटात व्हती, ती?"

"ती नाही जगली. त्यांच्या अंगात विष तेव्हा आधीच गेलेलं असतं ना. त्याच्या पुढच्या वेळची जगली." एवढं बोलून बाई वळली आणि तिची नजर कमळच्या पोटावर गेली. "तुम्ही बसा ना," ती म्हणाली. "मी खुर्ची आणते."

खुर्ची येईपर्यंत पार्वतीच फरशीवर बसली. दोन्ही पोरांच्या वेळी तिने देवाला दोष दिला होता, नाल्यापलीकडच्या एका बाईच्या नजरेला दिला होता. घास भरवणारा स्वतःचा हात तिला कधी दिसला नव्हता. तोच हात तिने आता सुनेच्या पोटाकडे नेला आणि न लावताच मागे घेतला.

"हालतंय का गं?" तिने विचारलं.

कमळने पोटावर तळवा ठेवला.

"हालतंय," ती म्हणाली. "ती दोगंपन हालायची, आई."