मक्याचा वास

तिसऱ्या खेपेलाही माझ्या घरच्या बिअरला उकडलेल्या मक्याचा वास आला. घरात तर मका आणलाच नव्हता. मी जव बदलले, यीस्ट बदललं, बाटल्या गरम पाण्याने खळखळून धुतल्या, वास हटेना. बिघडलेल्या बाटल्या ओट्याखाली सारत राहिले. सासूबाईंनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "असल्याला मी शिवायचीसुद्धा नाही." त्यामुळे विचारायचं कोणाला?

चौथ्या खेपेला जवाचं पाणी उकळत ठेवून मी गॅलरीत फोनवर बोलायला गेले. परत येते तर पातेल्यावर ताटली, ताटलीत पाणी आणि शेजारी सासूबाई.

"उघडं काय उकळतेस? गॅस जातो, वास उडून जातो."

"आई, तुम्हीच का दरवेळी झाकत होतात?"

"मग! तुझं लक्ष असतं कुठे?"

मी ताटली उचलली. वाफेबरोबर तोच मका नाकात शिरला. मला हसू आवरेना. हा वास उडून जावा म्हणूनच पातेलं उघडं ठेवायचं असतं, हे मी त्यांना सांगितलं. त्यांनी वाकून पुन्हा एकदा वास घेतला. मग गॅस बंद होईपर्यंत त्या स्वतःच पातेल्याशी उभ्या राहिल्या. सासऱ्यांनी सवयीने पातेलं झाकायला ताटली उचलली, तर त्यांच्या हातावर चापट बसली.

तीन आठवड्यांनी बाटली उघडली. मक्याचा मागमूस नव्हता. फुशारकीने मी सगळ्यांना ग्लास भरून दिले. सासूबाईंनीही वाटी पुढे केली, एक घोट घेतला, जिभेवर घोळवला आणि तोंड वाकडं केलं.

"आधीचीच बरी होती."