सैल चपला

गरोदर बायकांच्या घरभेटी हे माझं काम. त्या दिवशी एका घरी सातव्या महिन्यातली सून दारात आली तीच नवऱ्याच्या चपला घालून. “काय गं, घरचा कारभार हाती घेतलास वाटतं?” मी चिडवलं. “सैल बऱ्या पडतात, ताई,” ती हसली. अजून अकरा घरं बाकी होती. उंबऱ्यावरूनच मी धोक्याच्या लक्षणांचा फॉर्म उघडला. “पायांवर सूज?” “छे, ठणठणीत आहे पोर,” सासूनेच सांगून टाकलं. गाऊन घोट्याखाली होता. वाकून कोण बघतंय? मी ‘नाही’वर खूण केली. आज त्याच उंबऱ्यावर पुन्हा आले, बाळाचं वजन करायला. बाळ आहे, ती बाळंतपणात झटके येऊन गेली. सासूने आतून नव्याकोऱ्या चपला आणून पुढ्यात ठेवल्या. “ज्यांना होतील त्यांना द्या, ताई. हौसेने घेतल्या होत्या. शेवटी पायच शिरेना तिचा.” मी वाकून चपला उचलल्या. वाकायला क्षणही लागला नाही.