बेवारीने

ऑस्ट्रेलियातल्या गिलाँगच्या एका पबात आमचा बँड दर रविवारी दुपारी गायक डॅरल पेन्टनची गाणी वाजवतो. तो जाऊन तीस वर्षं झाली, तरी आमची बिअर अजून त्याच्याच जिवावर सुटते. त्याच्या सगळ्यात गाजलेल्या गाण्याच्या शेवटी तो "बेवारीनेऽ" असं काहीतरी पुटपुटतो. अर्थ कुणालाच माहीत नाही, पण मी ते म्हटलं की माझ्यामागून अख्खा पब ग्लास उंचावून बोंबलतो.

त्या रविवारी आमचा ड्रमर आजारी होता, म्हणून मी नुसत्या गिटारवर गायलो. गाणं संपल्यावर एक म्हातारी स्टेजपाशी आली.

"मी डॅरलची बहीण, पोरा."

मी गिटार खाली ठेवली. "काही चुकलं का, बाई?"

"छे, हुबेहूब गातोस. रेकॉर्डवर ड्रमच्या दणदणाटात मला ते शेवटचं कधी नीट ऐकूच आलं नव्हतं." तिनं स्टेजची कड घट्ट धरली. "'बेव, घरी ने,' म्हणतोय तो. बेव मीच. ती रेकॉर्ड निघाली त्याच आठवड्यात त्यानं गळफास घेतला. आणि पुढे माझ्या लग्नात आम्ही सगळे यावर नाचलो रे."

मागून "पुन्हा! पुन्हा!" सुरू झालं. मी पुन्हा गायलो. शेवटी बेवकडे बघत एकेक शब्द सुटा, स्वच्छ म्हटला, "बेव, घरी ने."

उंचावायला घेतलेले ग्लास अर्ध्यावरच थांबले. मग बारपाशी कुणीतरी खिदळलं, "ए भावा, चढली काय? शब्द चुकलास की!"

आणि अख्ख्या पबानं ग्लास उंचावून मला बरोबर शब्द शिकवला.