हिवाळ्याची बोट

एब्बे कियर यांनी कागद टेबलावर ठेवला आणि कॉफीचा कप बाजूला सरकवला. गुद्रुन थोरुप यांच्या बेटाची बोट यापुढे हिवाळ्यातही चालणार, दहा वर्षं. खाली वाहतूकमंत्र्यांची सही होती.

गुद्रुनबाईंनी तो दोनदा वाचला. बोट बंद झाली की बेटावरची शाळा जाणार, डॉक्टर जाणार. चार वर्षं त्या याच कामासाठी खेटे घालत होत्या. पक्ष सोडून संसदेत एकट्या बसत असल्यामुळे त्यांना कुणी दारातही उभं करत नव्हतं.

आज मात्र दोन्ही बाजूंना एकोणनव्वद मतं होती. एकशे एकोणऐंशीवं मत त्यांचं.

सरकारच्या मतांची जुळवाजुळव एब्बेंकडे होती. चारशे सैनिक दूरच्या वाळवंटातल्या युद्धावर पाठवायचे की नाही, एवढाच ठराव होता. पंतप्रधानांनी मित्रराष्ट्राला शब्द दिला होता. निवडणूक तीन महिन्यांवर होती आणि देशातली बहुतेक माणसं युद्धाच्या विरोधात.

"तुमचं मत अजून तेच ना, बाई?" एब्बेंनी विचारलं.

हे युद्ध आपलं नाही, असं बाई महिनाभर सगळीकडे सांगत होत्या. बहिणीचा मुलगा त्रोल्स त्या चारशेंत होता.

"सहीचा कागद हातात देऊन वर हेही विचारता?"

"मी काहीच मागितलं नाही. असलं इथे कुणी बोलत नाही, तुम्हाला ठाऊक आहे."

"मोठे सभ्य आहात."

"थकलोय हो नुसता."

ते गेल्यावर बाईंनी बहिणीला फोन केला. बोटीचं सांगितलंच नाही; हवा कशी आहे ते विचारलं. त्रोल्सने सामान अजून बांधलेलं नाही, बहीण म्हणाली. "तू आहेस तिथे, म्हणून झोप लागते गं ताई."

बारा वाजता बाईंनी हिरवं बटण दाबलं. फलकावर नव्वद विरुद्ध एकोणनव्वद उमटलं. ठराव मंजूर झाला. टाळ्या कुणीच वाजवल्या नाहीत. पंतप्रधान समोरच्या कागदांकडे बघत बसून राहिले.

एब्बे बाईंना जिन्यात भेटले. एब्बेंचा चेहरा राखेसारखा झाला होता.

"झालं ना तुमच्या मनासारखं?" बाई म्हणाल्या. "आता त्रोल्सच्या आईला काय सांगू, तेवढं तुम्हीच सांगा."

एब्बे भिंतीला टेकले.

"पंतप्रधानांना तिकडे नाही म्हणता येत नव्हतं, बाई. तुम्ही नाही म्हणाल, म्हणून तर बोट दिली होती."