लाल रेषेच्या अलीकडे

खाटेच्या डोक्याशी पाटी होती : ‘जंतूंना घाबरवू नये.’ घाबरले की ते विष सोडत, आणि दिगंबरच्या मनातली भीती त्याच्या रक्तातल्या जंतूंना लगेच कळे. म्हणून सलाईनमधलं औषध त्यांना मारत नव्हतं, पोटभर खाऊ घालून पेंगुळतं ठेवत होतं. त्याची बायको रत्नप्रभा जंतूंच्या भीतीचा काटा दाखवणाऱ्या तबकडीकडे टक लावून बसली होती. लाल रेषा सत्तरवर होती, काटा तिसावर.

तेवढ्यात शेजारचे भार्गव मास्तर शहाळं घेऊन भेटायला आले. उभ्या जन्मात खोटं न बोललेला माणूस.

“आमच्या साडूंना अगदी हेच झालं होतं,” खुर्चीत टेकत ते म्हणाले. “चेहऱ्यावर असाच तजेला होता हो. आणि सहाव्या दिवशी...”

काटा पासष्टवर गेला. ओरडायची सोय नव्हती. रत्नप्रभा कशीबशी हसली. “सहाव्या दिवशी चालत घरी गेले ना, मास्तर?”

मास्तरांनी तिच्याकडे पाहिलं, मग तबकडीकडे. अडुसष्ट. त्यांना दरदरून घाम फुटला.

“गेले,” ते एकदाचे म्हणाले. “तीन जिने चढून गेले. वर दोन भाकऱ्या जास्त खाल्ल्या.”

काटा जागीच थरथरत राहिला. दिगंबरने डोळे उघडले. “मास्तर, तुमच्या साडूंना मी खांदा दिला होता.”

रत्नप्रभाने झटकन तबकडीकडे पाहिलं. पण दिगंबर हसायला लागला होता. “तुम्ही खोटं बोललात? आणि तेही माझ्यासाठी?”

काटा विसावर उतरला. मास्तरांना तबकडी लावली असती, तर काटा नव्वदच्या खाली आला नसता.