चौदा जणांचा एक नंबर

वाचनालयाची एक्सेलमधली सभासद-यादी मी नव्या सिस्टीममध्ये चढवत होते आणि ती सारखी अडत होती. 'अडीअडचणीला कोणाला कळवायचं' या रकान्यात चौदा जणांपुढे एकच मोबाइल नंबर होता.

"काका, कॉपी-पेस्ट करताना घोळ घातलात ना?" मी जुन्या ग्रंथपालांवर वैतागले.

"घोळ नाही गं. ती माणसं एकटी राहतात. रकाना रिकामा ठेववेना, म्हणून माझा नंबर टाकला."

एक नंबर अनेकांना चालेल, अशी सोय मी सिस्टीममध्ये केली. यादी सुरळीत चढली.

"झालं का गं सगळं?"

"एक सभासद राहिलाय," म्हणत मी पंधरावं नाव माझं टाकलं आणि पुढे त्यांचाच नंबर लिहिला.