जज्जसाहेबांचा आहेर

"दोन सह्या हायती बघ आक्का. एक हितं, एक मागल्या पानावर," हंबीरराव म्हणाला आन् टोपण काढून पेन धोंडुबाईच्या हातात दिलं सुदीक.

तिच्या मांडीवर साडी हुती. मोरपंखी, जरीची, अजून दुकानाच्या पिशवीतच. बहिणीनं बापाच्या जमिनीतला वाटा भावाच्या नावानं सोडायचा आन् भावानं तिला साडी नेसवायची, ही रीत आपल्याकडं कुणाला सांगाय लागत न्हाय. धोंडुबाईला पिशवी बघूनच कळलं हुतं.

भाऊ म्हंजे साधासुधा न्हवं. जिल्हा न्यायाधीश. फुडच्या म्हैन्यात रिटायर. शिवाजी पेठेतल्या तिच्या पिठाच्या गिरणीत आल्ता आन् खुर्चीवर रुमाल अंथरून बसल्ता. रुमाल! मलकापूरकडनं पत्र्याची पेटी घेऊन आल्ता तवा ह्याच फरशीवर पोत्यावर लोळून वकिली शिकला. साहेबाचा अभ्यास मोडाय नको म्हणून परीक्षेच्या दिवसात आक्का गिरण बंद ठेवायची. गिऱ्हाईकं शिव्या घालत दुसरीकडं जायची. आता त्याच पिठाचा साहेबाच्या प्यांटीला विटाळ व्हायला लागला.

जज्ज झाला आन् गडी गायबच. कधी नांदेड, कधी लातूर. दाजी गेला तर मातीला आला न्हाय. भाऊबीजेला तर कधीच न्हाय. "नात्यागोत्याचा दाब नको," म्हणं. आक्का पेठेत सगळ्यास्नी सांगायची, न्याय करणाऱ्या माणसानं लांबच ऱ्हायाला पायजे. पेठ तोंडावर व्हय म्हणायची, मागनं हसायची. शेजारची नजीरा तर तोंडावरच हसायची. तिचा भिंतीवरनं दावा कवापासनं पडून हुता कोर्टात. प्रत्येक खेपेला वकिलाच्या मागं जायची आन् तारीख घेऊन परत यायची. "धोंडुताई, तुझ्या भावाच्या धंद्यात तारखेबिगर काय पिकतंय का गं?" आक्का तिच्यावरबी खवळायची.

आन् मग पेपरात साहेबाचा फोटू आला. एका दाव्यात चार भावांनी बहिणीला साडी नेसवून सह्या घेतल्या हुत्या. हंबीररावानं भर कोर्टात त्या चौघांची सालटी काढली. 'बहिणीचा वाटा ही भावाची मेहरबानी नव्हे,' असं निकालात लिवलं. धोंडुबाईनं पिठाची खळ केली आन् त्यो कागद गिरणीच्या भिंतीला डकवला. दळणाला आलेल्या बायका डबं खाली ठेवून वाचायच्या. धोंडुबाई वाचणाऱ्या बाईच्या तोंडाकडं बघत बसायची.

आज त्यो कागद साहेबाच्या डोक्यामागंच हुता.

"आन् ते रं?" धोंडुबाईनं पेनानं भिंतीकडं दावलं.

हंबीररावानं वळून बघितलं. आपलाच फोटू बघून जरा बरं वाटलं असावं गड्याला. लाज तर कुठं दिसली न्हाय.

"त्यो कायदा झाला आक्का. ह्ये घर हाय."

दारात दळणाला आलेल्या बायांत डबा घेऊन उभी असलेली नजीरा खोकली. मुद्दामच.

हंबीरराव फुडं सरकला. आवाज खाली आणला. "रस्ता रुंद झालाय. आपल्या रानात बंगला बांधतोय मी. तुझं नाव मधी आलं तर लोक काय म्हणतील मला? जज्जाला बहिणीनं अडवलं? उगं ताणू नगंस. म्हायेर तुटंल तुझं."

धोंडुबाईच्या हातातलं पेन थांबलं. त्या रानात आईनं बांधावर लावलेलं फणसाचं झाड हाय. आईबाप गेल्यावर म्हायेर म्हंजे तेवढं झाड आन् ह्यो समोरचा. तिला भ्या वाटलं, खोटं कशाला बोलायचं? पण त्या भ्याच्या मागनं दुसरं काय तरी वर आलं. राग न्हवं. चाळणीत आळ्या वळवळताना दिसल्या की सगळं पीठच उकिरड्यावर टाकावं वाटतंय, तसं.

"बस. आले," ती म्हणाली. साडी उचलली आन् आत गेली.

हंबीरराव मोकळा झाला. बाई साडी नेसून यायची, पाया पडायची, सही करायची. त्यानं ड्रायव्हरला फोन लावला. "गाडी वळवून ठेव. झालंच हाय."

धोंडुबाई आली ती जुन्याच लुगड्यावर. काखंत साडीची पिशवी, हातात ताट. ताटात कुंकू, नारळ, कोरा टॉवेल आन् पांढरी टोपी. दर भाऊबीजेला ती ह्याच्यासाठी आणून ठेवायची, ह्यो यायचा न्हाय. आत ट्रंकंत ढीग साठलाय टोप्यांचा.

तिनं भावाला कुंकू लावलं. नारळ वटीत दिला. टॉवेल खांद्यावर टाकला. टोपी डोक्यावर नीट बसवली, लहानपणी शाळंला धाडताना बसवायची तशी. साहेब खुश. मान बी खाली घातली चांगली. मग तिनं मोरपंखी साडी पिशवीसकट त्याच्या मांडीवर ठेवली आन् वर पेन ठेवलं.

"कर सही."

"मी? मी कशाला?"

"साडी नेसवली की बहिणीचा वाटा सुटतोय न्हवं? मग टोपी घातली की भावाचा बी सुटतोय की. सोड तुझा माझ्या नावानं. घरच हाय ह्ये. हितं कुठं कायदा हाय?"

दारातल्या बाया फिसकल्या. हंबीररावानं सवयीनं पेन उचललं. आयुष्यभर दुसऱ्यांच्या वाटण्या केलेला माणूस. नारळ वटीत, टोपी डोक्यावर, पेन हातात.

"आक्का, असं... असं एकदम कसं... मला जरा इचार कराय पायजे."

"कर की. कोण नगं म्हणतंय?"

धोंडुबाईनं गिरणीचं बटन दाबलं. पट्टा फिरला, पिठाचा धुरळा उठला आन् साहेबाच्या प्यांटीवर बसला. ती दाराकडं वळली, नजीराच्या हातातला डबा घेतला आन् गिरणीच्या आवाजावर वरडून म्हणाली,

"नजीरा, साहेबास्नी फुडची तारीख दे गं!"